राळेच्या वाईनची बाजू

पिंपातला रस फसफसायला लागून तिसरा दिवस उजाडला होता, आणि राळेचा डबा अजून स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी झाकण लावून गप्प बसला होता. असा गप्प डबा आसिमिनाने जन्मात पाहिला नव्हता. दरवर्षी तो पहिल्याच दिवशी रिकामा व्हायचा.

राळ टाकायची ती याच दोन-तीन दिवसांत. द्राक्षांचा रस पिंपात उड्या मारत असतो, फेस वर येत असतो, तेव्हाच ती त्यात विरघळते. एकदा का रस शांत झाला की डोकं आपटा, काही उपयोग नाही. त्या वर्षाची रेत्सिना, म्हणजे राळेची वाईन, बुडाली. ग्रीसमधल्या केराटेआ गावाच्या त्या गल्लीत पूर्वी प्रत्येक दारातून पाइनच्या जंगलाचा वास यायचा. आता एकाच दारातून यायचा, आणि ते दार आसिमिनाचं होतं.

दुपारी आर्गिरिसमामा आला तो थेट डब्यापाशीच. उन्हाळाभर टेकडीवरच्या पाइनच्या खोडांना खाचा पाडून, खाली पत्र्याच्या वाट्या टांगून, थेंब थेंब राळ त्यानेच गोळा केली होती. त्याच्या बोटांना ती इतकी चिकटलेली असायची की हात मिळवला की सुटायचा नाही.

"अगं, ही अजून इथंच?" मामाने झाकणावर टिचकी मारली.

"बाबा विचार करतोय."

"विचार? राळ टाकायला विचार कशाला लागतो? हात लागतो!"

"ते तू त्यालाच सांग."

"मी कशाला सांगू? बहीण दिली तेवढं पुरे झालं," मामा म्हणाला, आणि झाम्बेताने, म्हणजे आसिमिनाच्या आईने, फडकं फेकून मारलं तसा हसत हसत निघून गेला. पण दारात तो थांबला. हसणं पुसलं गेलं होतं. "यंदा पडली नाही तर पुढच्या वर्षी मी टेकडीवर जात नाही, आसिमिना. कुणासाठी जायचं?"

आता हे सगळं इस्मिनीबाईंमुळे झालं होतं. अथेन्सच्या एका टूर कंपनीचे पाहुणे दर रविवारी घरी यायचे. तळमजल्यावरच्या खोलीत पिंपांशेजारी लांब टेबल मांडायचं, घरच्या वाईनची चव द्यायची, थोडी माहिती सांगायची. यंदा कंपनीने या जाणकार बाई पाठवल्या. त्यांच्याकडे वाईनचं प्रमाणपत्र होतं, मोत्यांची कानातली होती आणि सगळ्यावर मत होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी हवेत नाक वर केलं आणि बाबाला ग्रीक अदबीने म्हणाल्या, "कीर स्ताथी, तुमची पांढरी वाईन उत्तम आहे. पण रेत्सिना बंद करा. लोक हसतात हो. ते पिंप काढून टाकलंत, तर पुढच्या मोसमात आठवड्याला दोन कार्यक्रम तुमच्याकडे. येता रविवार बघू, मग बोलू."

बाबाने ऐकून घेतलं. कारण लोक खरंच हसले होते. गेल्या वर्षी एका पाहुण्याने रेत्सिनाचा घोट घेऊन असं तोंड केलं, की त्याच्या बायकोने फोटो काढला. उरलेला ग्लास त्याने बेझिलच्या कुंडीत ओतला. बाबाने ते खिडकीतून पाहिलं होतं. कुंडी दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात गेली.

गेल्या वर्षीची आसिमिना असती तर तीही स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून नखं खात राहिली असती. पण यंदाची आसिमिना शाळेच्या विद्यार्थी मंडळावर निवडून आली होती, सव्वीस मतांनी! सबंध शाळेसमोर माइक हातात घेऊन ती एकदा बोलली होती आणि मेली नव्हती. तेव्हापासून तिला आपला आवाज कुठेही वापरून बघावासा वाटायचा. सतरा वर्षांची होती, त्यामुळे वाईन प्यायची घरात परवानगी नव्हती. पण वास घ्यायला कुणाची परवानगी लागते? नाक ज्याचं त्याचं असतं.

पाच वाजता पाहुणे आले. एक डॅनिश जोडपं, दोघंही उंचच उंच, आणि आयर्लंडच्या दोन म्हाताऱ्या बहिणी. इस्मिनीबाईंनी टेबलावर लांब दांड्यांचे ग्लास रांगेत लावले आणि मधोमध एक चकचकीत स्टीलचं भांडं ठेवलं.

"हे काय?" आसिमिनाने विचारलं.

"घोट तोंडात घोळवून यात थुंकायचा. जाणकार असंच करतात."

आसिमिनाने बाबाकडे पाहिलं. बाबाचे कान लाल झाले होते. आपल्या घरात, आपल्या टेबलावर, आपली वाईन थुंकायची पिकदाणी! तिने ते भांडं उचललं, आत गेली, त्यात ऑलिव्ह भरले आणि परत आणून ठेवलं.

"आसिमिना!" इस्मिनीबाई दातांतून म्हणाल्या.

"भांडं सुंदर आहे, कीरिया," आसिमिना अदबीने म्हणाली. "रिकामं वाईट दिसत होतं."

बहिणींपैकी धाकटी, नोरीन नावाची, हात घालून ऑलिव्ह खायलाही लागली होती. मग काय करणार? कार्यक्रम सुरू झाला. इस्मिनीबाई इंग्रजीत सांगत होत्या, आसिमिना ओतत होती, बाबा भिंतीला टेकून उभा होता. दोन पांढऱ्या झाल्या, एक गुलाबी झाली. लिंबाची साल, पीच, ओला दगड, सगळे वास निघाले. बाई छान बोलायच्या, ते आसिमिनाला मान्यच करावं लागलं. ओला दगड तर तिलाही आला. पण प्रत्येक घोटानंतर त्या म्हणायच्या, "खाऊ नका हं मध्ये काही, जीभ स्वच्छ ठेवा." आणि आसिमिनाला कळेना, की कोरड्या तोंडाने वाईन पिणारी ही माणसं नक्की कुणाच्या घरी आलीत. या घरात नुसता ग्लास कुणी कुणापुढे कधी ठेवला नव्हता. बरोबर निदान पावाचा तुकडा तरी यायचाच.

लाल वाईन चालू असताना डॅनिश नवऱ्याने मान वळवली. "हा वास कसला? जंगलासारखा? त्या कोपऱ्यातल्या पिंपाचा येतोय."

इस्मिनीबाई हसल्या. "ती जुनी गोष्ट आहे. पूर्वी वाईट वाईन लपवायला लोक राळ घालायचे. रेत्सिना. मग पर्यटकांना स्वस्तात विकायचे. या घरात आता ती बनत नाही."

आसिमिनाच्या हातातली बाटली तिथेच थांबली.

तिने बाबाकडे पाहिलं. बाबाला इंग्रजी येत नव्हतं, पण 'रेत्सिना' कळलं होतं आणि बाईंचा हात हवेत कसा झटकला गेला तेही कळलं होतं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"बाबा," आसिमिना मोठ्याने म्हणाली, "बाई पाहुण्यांना सांगतायत, की आपण रेत्सिना बनवत नाही. वाईट वाईन लपवायला बनवायचो म्हणे. मी हे असंच राहू देऊ का?"

"बाळ, नंतर बोलू," इस्मिनीबाई ग्रीकमध्ये म्हणाल्या.

"नंतर नाही, कीरिया. नंतर रस शांत होतो."

बाबाने मान वर केली नाही.  आसिमिनाने बाटली खाली ठेवली. ती पाहुण्यांकडे वळली आणि शाळेतलं सगळं इंग्रजी गोळा करून म्हणाली, "बनवतो! या घरात रेत्सिना बनते. हे तिचंच पिंप आहे, लाकडात राळ मुरलीय. आणि वाईट वाईन राळेने लपत नाही. वाईट वाईनमध्ये राळ घाला, ती आणखी बोंबलते. राळेला चांगलीच वाईन लागते, म्हणून आधी ती चांगली करावी लागते."

"तू कधी प्यायली आहेस का?" इस्मिनीबाईंनी विचारलं. आवाज गोड होता, पण त्यात सुई होती.

"नाही. पण सतरा वर्षं तिच्या डोक्यावर झोपतेय. माझी खोली वर आहे."

नोरीन खो खो हसली. "मग आण की!"

"आणते. पण आधी सगळ्यांनी खायचं. खाल्ल्याशिवाय मिळणार नाही."

ती स्वयंपाकघरात धावली. आईने काही न विचारता तळलेल्या खाऱ्या माशाची परात तिच्या हातात दिली. घरच्या जेवणासाठी केलेला होता, अजून चुरचुरत होता. वर लसणाची चटणी, ती आईच्या हातची, म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारी. "ग्लास बदल गं," आई एवढंच म्हणाली. बरोबर! ते लांब दांड्यांचे फुगीर ग्लास गेले आणि रोजचे बुटके, जाड बुडाचे ग्लास आले. गेल्या वर्षीची उरलेली रेत्सिना पत्र्याच्या चंबूत, थंडगार. कुंडीवाल्या त्या पाहुण्याने शेवटी, कोरड्या तोंडाने, नुसती, गरम ग्लासात हुंगून हुंगून प्यायली होती. अशी तर टर्पेंटाइनच लागणार ना!

"आता मासा चटणीत बुडवा. आणखी. घाबरू नका. तोंड जळायला लागलं का? लागलं? आता प्या. हुंगू नका, प्या!"

चौघांनी ग्लास उचलले. खोलीत फक्त पिंपातल्या रसाची कुजबुज ऐकू येत होती. बाबाची मान आता वर आली होती.

डॅनिश बायकोने, बोडिलने, घोट गिळला आणि डोळे मिटले. "जंगल चाटल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "मला नाही आवडली. माफ कर."

"माफी कसली?" आसिमिना म्हणाली. "बरोबर ओळखलंत. जंगलच आहे ते, आमच्या टेकडीवरचं. माझ्या मामाने वाटीत धरलेलं. नाही आवडलं तर ग्लास तसाच राहू द्या, मी नेते. फक्त कुंडीत ओतू नका."

नोरीनची मोठी बहीण एक घोट घेऊन नुसती नकारार्थी मान हलवत राहिली आणि तिने पाण्याचा ग्लास ओढला. डॅनिश नवरा मात्र विचारात पडला. त्याने पुन्हा मासा घेतला, पुन्हा घोट घेतला, मग पुन्हा मासा. नोरीनने तर ग्लासच पुढे केला. "या लसणापुढे तुमची ती दगडवाली वाईन टिकली नसती, बाई," ती इस्मिनीबाईंना म्हणाली. "ही भांडते त्याच्याशी."

"चारात दोन," इस्मिनीबाई ग्रीकमध्ये बाबाला म्हणाल्या. त्यांनी रुमालाने टेबलावरचा तेलाचा थेंब पुसला. "निम्म्या लोकांना आवडलं म्हणून मी मोसम चालवत नाही, कीर स्ताथी. मला चारही खूश हवेत. मुलगी हुशार आहे, पण तिच्या हट्टावर घर चालवायचं नसतं. तुम्ही सांगा. ते पिंप राहणार की आठवड्याचे दोन कार्यक्रम?"

सगळे बाबाकडे बघायला लागले. पाहुण्यांना शब्द कळले नव्हते, पण प्रश्न कळला होता. तो प्रश्न भाषेत नव्हताच.

आसिमिनाला आणखी बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं! जिभेवर भाषण तयार होतं, मुद्द्यांसकट. पण तिने ओठ घट्ट दाबले. तिला जे म्हणायचं होतं ते ती म्हणाली होती. घर बाबाचं होतं, पिंप बाबाचं होतं, आणि बुटांकडे बघायचं की नाही हेही बाबानेच ठरवायचं होतं.

बाबा भिंतीपासून सुटला. टेबलापाशी आला. त्याने बोडिलचा जवळजवळ भरलेला ग्लास उचलला, सगळ्यांच्या समोर एका दमात रिकामा केला आणि माशाचा एक तुकडा तोंडात टाकला. नीट चावून गिळला.

"कीरिया इस्मिनी," तो म्हणाला, "माझ्या घरात येऊन तुम्ही सांगितलंत की मी काय बनवत नाही. मी ऐकून घेतलं. गेलं वर्षभर मी हेच ऐकून घेतोय. लाज वाटते ती त्याची वाटते, वाईनची नाही." मग त्याने आवाज चढवला, जिन्यापर्यंत पोचेल इतका. "झाम्बेता! डबा आण!"

आई डबा घेऊन जिन्यातच उभी होती.

"मग रविवार मी दुसऱ्या घराला देईन," इस्मिनीबाई म्हणाल्या.

"द्या."

"विचार करून बोला."

"तीन दिवस तेच केलं. त्यात निम्मा रस वाया जायचा होता."

इस्मिनीबाईंनी आपले लांब दांड्यांचे ग्लास एकेक करून खोक्यात भरायला घेतले. चूक नव्हत्या त्या, आसिमिनाला वाटलं. त्यांना चार खूश माणसं हवी होती आणि यांच्याकडे दोनच निघाली. पण म्हणून काय! तिने शिडी ओढली, पिंपावर चढली आणि झाकण बाजूला केलं. आंबट-गोड वाफ तोंडावर आली, डोळे चुरचुरले. बाबाने डबा वर दिला.

"मी?" तिने विचारलं. आजवर राळ बाबाच टाकत आला होता.

"तूच भांडलीस ना? मग टाक. मूठ मूठ. एकदम नाही."

पहिली मूठ पडली तेव्हा रसाने फूत्कार टाकला आणि पांढरा फेस कडेपर्यंत चढला. पिवळे खडे त्यात फिरले, बुडाले, पुन्हा वर आले. बोटं चिकटली, बाही चिकटली, केसही चिकटले. खाली डॅनिश नवरा फोटो काढत होता आणि नोरीन विचारत होती, ही कधी तयार होणार. "नोव्हेंबरात!" आसिमिना वरूनच ओरडली. बोडिलने नाक धरून टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही.

डबा संपला. ती खाली उतरली तर बाबाने खिशातून खडू काढून तिच्यापुढे धरला. पिंपावर वर्ष आणि वाईनचं नाव लिहायची त्याची रीत होती, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. मग तो गेला आणि त्याने रस्त्याकडचं दोन फळ्यांचं दार दोन्ही बाजूंनी सताड उघडलं. पाइनचा वास गल्लीत धावत सुटला. बाहेर इस्मिनीबाई गाडीच्या डिकीत खोकं ठेवत होत्या.

आसिमिनाने चिकट बोटांत खडू पकडला आणि पिंपाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहायला सुरुवात केली. इतक्या मोठ्या अक्षरांत, की गाडीत बसून, चष्मा न लावतासुद्धा वाचता यावं.