सीटखालचं बटण

दूधवाल्याच्या हट्टापुढं अख्ख्या गावाचं काही चालत नसे, मग त्याच्या बायकोचं कुठलं चालायला? फटफटीची टाकी गंजून तिची चाळण झाली, तेव्हा नवी टाकी बसवायची सोडून या बहाद्दरानं मागच्या चाकाशेजारी पेट्रोलचा डबा टांगला. डबा खाली, कार्बोरेटर वर. पेट्रोल काय आपण होऊन वर चढणार होय? मग भंगारातल्या मोटारीचा पंप आणून थेट बॅटरीला जोडला. चालू-बंद करायला सीटखाली घरातल्या दिव्याचं बटण.

धाकटा दीर गॅरेजातच कामाला. त्यानं बजावलं होतं, पंप चावीवर घे. इंजिन बंद झालं तरी हा पेट्रोल ढकलतच राहील, ते उतू जाऊन तापल्या सायलेन्सरवर सांडेल, अन् किक मारताना ठिणगी उडाली की भडका. दूधवाला नुसता हसला.

बायकोला मात्र हसू आलं नाही. घरापुढच्या लांब उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडायची, ही त्याची वीस वर्षांची खोड. आणि मागं रोज लेक बसायची, शाळेला जायला. चार दिवसांतच गिऱ्हाइकं कुरकुरली, दुधाला वास येतोय म्हणून. लेकीच्या कपड्यांनाही तोच वास.

त्या सकाळी वारा अगदीच पडला होता. गावभर दूध गोळा करून तो लेकीला घ्यायला इंजिन चालूच ठेवून दारात थांबला. लेक बसायला निघाली, तसा बायकोनं तिचा हात धरला.

"ही आजपासून चालत जाईल. अन् तुम्हीही उतारावर इंजिन बंद करू नका. माझं एवढं ऐका."

"तुझं ऐकत बसलो तर दूध नासेल," म्हणत त्यानं चावी फिरवली.

इंजिन थांबलं, गाडी घरंगळत निघाली. आता सगळं गप्प व्हायला हवं होतं, पण सीटखालचं बटण बंद करायचं राहिलं होतं, पंपाची टिकटिक चालूच होती.

"आई, बाबांची गाडी गळतेय," लेक म्हणाली. गाडीमागं धुळीत बारीक ओली रेघ उमटत चालली होती.

खाली ओढ्याच्या पुलापाशी तो थांबला. पुढं चढ, म्हणून रोज तिथंच तो किक मारायचा. बाई दोन्ही हात हलवत, किक मारू नका म्हणून ओरडत उतारावरून धावत सुटली. त्यानं वळून पाहिलं. बायकोचा राग गेला, निरोप देतेय, असंच त्याला वाटलं असणार. त्यानं हसून हात वर केला आणि किकवर पाय ठेवला.