पाण्यावरचा तांबडा दिवा

मी एक दिवा आहे, पण मला तेल नको, वात नको आणि कोणी माझ्यापुढे हातही जोडत नाही. बोटाएवढी माझी उंची. रात्री मासे धरणारे लोक मला गळाच्या दोरीला बांधतात. पाण्यावर मी उभा राहतो आणि माझं तांबडं टोक बॅटरीवर पेटलेलं असतं. माशाने आमिष ओढलं की मी पाण्याखाली जातो आणि काठावरचा माणूस धडपडत उठतो. एवढंच माझं काम, पण त्याचा मला भारी अभिमान आहे.

जपानमधल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बायका आम्हा प्रत्येकाला पाण्याच्या बादलीत बुडवून बघायच्या. गळका निघाला की बाजूला. मी पास झालो. सेंदाई शहरातल्या दुकानात काही महिने लटकलो आणि एक दिवस लक्ष्मणने मला उचललं.

लक्ष्मण मूळचा भंडाऱ्याचा. तळ्यांच्या गावचा माणूस, मासेमारी त्याच्या अंगातच. विद्यापीठात तो धातूंवर संशोधन करायचा, पण शनिवार आला की त्याचं लक्ष घड्याळाकडे. डोंगरातल्या एका तलावावर आम्ही जायचो. बायको कस्तुरी आणि चिमुकली लेक पूर्वी, दोघीही यायच्या. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. आमिषाची गांडुळं गार ठेवावी लागतात, म्हणून लक्ष्मण त्यांची डबी फ्रिजमध्ये ठेवायचा, नेमकी विरजणाच्या शेजारी.

"लक्ष्मण, एक दिवस तुझ्या कढीत पडतील ती!" कस्तुरी ओरडायची. पूर्वी खिदळायची. सुखाचे दिवस होते.

मग २०११चा मार्च आला. दुपारी जमीन हलली, ती थांबेचना. मी गाडीतल्या पिशवीत होतो, गाडी होडीसारखी डुलत होती. संध्याकाळी बर्फ पडत होता, सगळ्या शहराची वीज गेली होती आणि आम्ही एका शाळेच्या व्यायामशाळेत होतो. शेकडो माणसं, आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. लक्ष्मणने गाडीतून पिशवी आणली, मला पेटवलं आणि पूर्वीच्या पांघरुणाला अडकवलं. त्या रात्री मी माशांसाठी नाही, एका चार वर्षांच्या पोरीसाठी जागलो.

जमीन पुन्हा पुन्हा हलत होती. पूर्वी विचारत होती, "कोण हलवतंय?"

लक्ष्मण दमला होता, घाबरलेलाही होता. प्रयोगशाळेतल्या कोणीतरी सांगितलेली इथली जुनी गोष्ट त्याला आठवली. "खाली एक मोठ्ठा मिशावाला मासा असतो, नामाझु. तो कूस बदलतो ना, तेव्हा जमीन हलते. आता झोपेल हं तो."

पोर शांत झाली. लक्ष्मणला वाटलं, निभावलं.

पुढे क्योतोत नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड हललं. तिथून अर्ध्या तासावर बिवा सरोवर, समुद्राएवढं! मी मनातल्या मनात तयारीच करून ठेवली. पण पूर्वी पाण्याजवळ जाईना. पोहण्याच्या तासाला तिचं पोट दुखायचं. घरातल्या टबात उतरायची नाही, बाहेर उभी राहून तांब्याने अंघोळ करायची. लक्ष्मण आणि कस्तुरीला वाटलं, टीव्हीवर त्सुनामीची दृश्यं पाहिलीत, तीच भीती. काळ जाईल तसं ठीक होईल म्हणून दोघं गप्प राहिले आणि मी पाच वर्षं कपाटात पडून राहिलो.

चौथीत गेल्यावर शाळेचं शिबिर ठरलं, बिवाच्या काठी, दोन रात्री मुक्कामाचं. पूर्वीने "इकानाई" म्हणून सांगितलं, म्हणजे जाणार नाही. तिची उत्तरं आता जपानीतच यायची. तिची मैत्रीण चिडून बोलेनाशी झाली. पूर्वी उशीत तोंड खुपसून रडली, पण हट्ट सोडला नाही.

शेवटी कस्तुरी म्हणाली, "अरे, तूच घेऊन जा तिला एकदा. पाण्यात नको उतरवू. नुसतं काठावर बसा."

मी कपाटातून बाहेर आलो. नवी बॅटरी बसली आणि पेटलोही. काय सांगू तो आनंद! पण सरोवरावर पोचलो तरी पूर्वी गाडीतून उतरेना. काचा बंद. लक्ष्मण एकटाच दगडावर बसला आणि त्याने गळ टाकला. अंधार पडला. काळ्या पाण्यावर मी एकटा तांबडा उभा.

बऱ्याच वेळाने गाडीचं दार वाजलं. "बाबा, तो माझा लाइट आहे."

ती आली आणि लक्ष्मणच्या पाठीमागे उभी राहिली. मग हळूच म्हणाली, मराठीत म्हणाली, "लाइट काढ ना पाण्यातून. त्याला लागेल. तो उठेल."

"कोण उठेल?"

"नामाझु. तूच सांगितलंस ना, तो खाली असतो. मी पाण्यात गेले आणि त्याला पाय लागला तर? मग परत सगळं हलेल. माझ्यामुळे."

लक्ष्मणच्या काळजात चर्र झालं असणार. इतकी वर्षं ही एवढीशी पोर सगळ्या देशाची जमीन आपल्या पायाने सांभाळत होती! तो घाईघाईने समजावू लागला. जमिनीखालच्या थरांबद्दल बोलला, ती नुसती गोष्ट होती म्हणाला. पूर्वीला एक शब्द पटला नाही. मोठी माणसं सोयीप्रमाणे गोष्ट बदलतात, हे मुलांना चांगलं ठाऊक असतं.

तेवढ्यात मला जोराचा हिसका बसला आणि मी सरळ पाण्याखाली. खाली कोण होता म्हणून विचारता? मिशावाला तोच, हातभर लांबीचा नामाझु!

लक्ष्मणने त्याला ओल्या फडक्यावर काढला. पूर्वी किंचाळली, चार पावलं मागे पळाली आणि तिथेच थबकली. माझ्या उजेडात ती बघत राहिली. चपटं डोकं, इवलेसे डोळे. तोंडाची उघडझाप चाललेली आणि सगळं अंग लटलट कापत होतं. ती एकेक पाऊल पुढे आली.

"बाबा," ती म्हणाली, "हा तर घाबरलाय."

"हो गं."

"मग सोड ना त्याला लवकर!"

लक्ष्मणने गळ काढला. डोक्याकडून त्याने धरलं, शेपटीकडून तिने. दोघं काठावर वाकले. पूर्वीचे हात कोपरापर्यंत पाण्यात गेले आणि तिला ते कळलंही नाही. मासा एक फटकारा मारून गेला, बापलेक चिंब भिजले. जमीन जिथल्या तिथे होती. पूर्वी तसेच हात पाण्यात ठेवून थोडा वेळ वाट बघत होती. मग हसायला लागली. लक्ष्मण मात्र तोंड फिरवून डोळे पुसत होता.

आता माझं वय झालंय. सांध्यातून पाणी शिरतं, उजेड मिणमिणतो. जाता जाता एकच मागणं आहे. लेकरं घाबरली तर त्यांना गोष्टी जरूर सांगा, पण ती गोष्ट त्यांच्या मनात कुठे जाऊन बसली, हेही कधीतरी विचारा.

आज पूर्वी शिबिराला निघाली. काल रात्री तिने मला आठवणीने बॅगेत ठेवलं होतं. सकाळी बूट घालता घालता तिने मला परत बाहेर काढलं आणि बापाच्या हातात दिलं. "तुलाच राहू दे, बाबा. मला नाही लागणार."

दार लागलं. कुणी मागे सोडून गेल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.