नाटानचा न

“नॉर्डपोल म्हण गं, नॉर्डपोल! गारठशील, पण नोकरी तरी राहील,” शेजारच्या खुर्चीवरून ट्रूडे पुटपुटली.

ओटिली लेंत्सने नुसती मान हलवली. जर्मनीतल्या कासेलच्या तारघरात ती फोनवरून लोकांच्या तारा उतरवून घ्यायची आणि प्रत्येक नाव अक्षरं फोडून पुन्हा वाचून दाखवायची. डाव्हिडचा ड, नाटानचा न, हे ती नोकरीला लागली त्याच्याही आधीपासूनचं. यंदा नव्या नाझी सरकारचा हुकूम आला की ही ज्यूंची नावं नकोत. नाटानच्या जागी नॉर्डपोल, म्हणजे उत्तर ध्रुव. जीभ काही वळत नव्हती. ती दोनदा चुकली होती. “आता चुकलीस तर मला तुला ठेवता येणार नाही,” असं देखरेखीवरच्या कोल्बेबाईंनी बजावलं होतं. घरी वडील. युद्धातल्या विषारी वायूने त्यांची छाती कायमची जळालेली. सगळं हिच्याच पगारावर.

फोन आल्याचा समोरचा दिवा लागला. कोल्बेबाई ऐकायचं जादा यंत्र कानाला लावून मागे येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, तार द्यायचीय. ब्रेमेनला, मुलाला.”

आवाज ओळखीचा: हातमोज्यांच्या दुकानाचे म्हातारे युलियुस नाटान. दरवेळी ‘नाटानचा न, म्हणजे माझाच!’ म्हणून स्वतःच हसायचे.

“लिहा. आई आज सकाळी गेली. लगेच ये.”

ओटिलीने लिहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण पाठीमागे कोल्बेबाईंचा श्वास ऐकू येत होता.

“पाठवणाऱ्याचं नाव वाचते. नॉर्डपोलचा न...”

“काय म्हणालात?”

“नॉर्डपोल, साहेब.”

“असं होय. मला वाटलं, भलतीकडेच लागला फोन. वाचा पुढे.”

अंतोनचा अ. टेओडोरचा ट. हाइनरिखचा ह, लिहितात पण उच्चारत नाहीत तो. पुन्हा अंतोनचा अ. शेवटचं अक्षर उरलं. पलीकडे म्हातारा नाक ओढत होता, आणि हे लपावं म्हणून फोन तोंडापासून दूर धरत असावा.

“नाटानचा न,” ओटिली सावकाश म्हणाली.

“बरोबर,” ते म्हणाले. “बरोबर आहे, बाई.” आणि फोन ठेवला.

कोल्बेबाई तिच्या कानाशी वाकल्या. “चुकून गेलं ना तोंडून? चुकून गेलं म्हण, ओटिली. मी ऐकलंच नाही असं धरते.”

“चुकून नाही गेलं, बाई.”

ट्रूडे उगाचच समोरचे तारांचे कागद सारखे करत बसली.

ओटिलीने तार पुढे पाठवायला दिली. मग डोक्यावरचं यंत्र उतरवलं, आणि पाळी संपल्यावर पुसतात तसा बोलायचा भाग स्पिरिटच्या बोळ्याने नीट पुसून, आपल्यानंतर बसेल तिच्यासाठी ते मेजावर ठेवलं.