धोट्याला लागलेलं तोंड

सुताची कांडी संपली की माग चालवणारा साचेवाला आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावून धागा सुर्रकन बाहेर ओढी. दिवसातून शंभर वेळा. एकाच धोट्याला दोन पाळ्यांची तोंडं लागत. त्यात तंबाखू, पान, खोकला, सगळं आलं. परळच्या त्या गिरणीत डॉक्टरांचा कागद बारा वर्षं भिंतीवर होता: धोट्याला तोंड लावू नये, तारेचा आकडा वापरावा. कागद पिवळा पडला, तोंडं काही सुटली नाहीत.

आणि याच घाणेरड्या रिवाजापायी आनंदाला चौदा वर्षं साचेखात्यात पाऊल टाकता आलं नव्हतं. त्याच्या ओठाचा धोटा दुसरा कोण ओठाला लावणार? वरळीच्या बीडीडी चाळीतला हा माणूस वर्षापूर्वीच घरातले देव समुद्रात सोडून बौद्ध झाला होता, पण गिरणीने त्याची जुनी जात नीट जपून ठेवली होती. तो रिंगखात्यात सूत काती आणि जेवणाच्या सुट्टीत साचेखात्याच्या दाराशी उभा राही. आपल्या सुताचं कापड होताना बघून त्याच्या जिवाला बरं वाटे. "एकदा दोन साचे हातात येऊ देत," तो बायकोला, कांताला, म्हणे, "मग मला दुसरं काही नको."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे जमणार असं त्याला वाटू लागलं. शिवाजी पार्कच्या सभेत तो साचेखात्यातल्या लवूच्या खांद्याला खांदा लावून ओरडला होता. मोर्चात दोघांना एकाच लॉरीतून चौकीवर नेलं, तेव्हा लवू त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाला होता, "आनंदा, आता आपण सगळे एकच रे!" पुढे युनियनने रेटा लावला आणि एका सोमवारी खात्याचा मुकादम असलेल्या अण्णा जॉबरने लवूच्या शेजारचे दोन साचे आनंदाला दिले. सोबत तारेचा आकडा.

"तोंड लावायचं नाय. डॉक्टरचा नियम हाय," अण्णा म्हणाला.

आनंदा खूश झाला. परक्या थुंकीची त्याला मुळातच शिसारी होती, आणि नियम सगळ्यांनाच असणार, असं त्या भाबड्याला वाटलं. तासाभरात हात फिरवत राहावं असं पांढरंशुभ्र कापड उतरू लागलं. चौदा वर्षांत त्याला इतकं सुख झालं नव्हतं.

मग त्याने मान वर केली. खातंभर माणसं धोटे चोखत होती. आकडा एकट्या त्याच्या हातात होता, आणि वेगळे ओळखू यावेत म्हणून मारलेला लाल रंगाचा पट्टा फक्त त्याच्या धोट्यांवर होता.

त्याला शिसारी आली. थुंकीची नव्हे, माणसांची.

लवूची कांडी संपली होती. आनंदाने त्याच्या हातातला धोटा काढून घेतला, नवी कांडी बसवली आणि भोकाला ओठ लावले. शिळ्या तंबाखूची कडू, ओलसर चव जिभेवर आली. ओकारी दाबून त्याने धागा ओढला आणि धोटा पुढे केला. "घे. आपण एकच ना?"

"मेल्या, माझो धोटो बाटयलंस!" लवू किंचाळला. त्याने धोटा कचऱ्याच्या पिंपात भिरकावला आणि तिथेच दहा वेळा थुंकला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक साचेवाल्याच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेला तारेचा आकडा लटकत होता. न जाणो, या माणसाने रात्रीतून कुणाच्या धोट्याला तोंड लावलं असेल! डॉक्टरांना बारा वर्षांत जमलं नाही ते आनंदाच्या ओठांनी एका दिवसात केलं. त्याला हसू आलं, आणि त्या हसण्याचीही किळस आली.

"गपचूप रिंगखात्यात परत जा," अण्णा कानाशी लागला. "इथं तुला सुख नाय मिळायचं."

आनंदाने साचा सुरू केला. पाळी संपली तेव्हा त्याच्या कापडात एकही तुटका धागा नव्हता.

गेटवर मोर्चाची जुळवाजुळव चालली होती. जणू काही झालंच नाही अशा थाटात लवू आला आणि त्याने आनंदाच्या गळ्यात हात टाकला. "मोर्चाक येतंस मां?"

लवूच्या छातीवर आकडा अजून लोंबत होता. आनंदाने गळ्यातला हात दोन बोटांनी उचलून बाजूला केला.

"उद्या साच्यावर येईन," तो म्हणाला. "कापडासाठी. तुमच्यासाठी नाय."