भंडाऱ्याखालची मेंढरं

मी भंडाऱ्याची पिशवी बोलतेय. काळ्या लोकरीची, वीतभर उंचीची, तोंडाला नाडी असलेली. आज माझ्या पोटात बिरोबाच्या पिवळ्या भंडाऱ्याशिवाय काही नाही आणि त्याचा मला कोण आनंद आहे! दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा पोटात घेऊन तीन महिने जिनं एसटीचे धक्के खाल्लेत, तिलाच हा आनंद कळेल.

माझा जन्म सांगोल्याकडच्या एका धनगरवस्तीवर झाला. तिथल्या तात्याबा धनगराकडं त्याच्या वडिलांची एक घोंगडी होती. पांघरून पांघरून ती विरली, उरलेली उंदरांनी कुरतडली, आणि जो कोपरा वाचला त्यातून गोजाबाईनं मला शिवलं. गोजाबाई म्हणजे तात्याबाची बायको. बोलणं तिखट, पण शिवणीचा हात सफाईचा. अस्सल लोकरीतून आल्याचा मला थोडा तोरा आहे, हे आधीच सांगून ठेवते.

त्या घरात तेव्हा एकही मेंढरू नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला, पाणी संपलं, आणि तात्याबानं सगळा कळप मिळेल त्या भावाला विकला. मग दोघं सरकारी कामावर खडी फोडत राहिली. पुढं पाऊस झाला, माळावर गवत आलं, पण चरायला होतं कोण? तात्याबा सकाळी उठला की सवयीनं काठी उचलायचा, दारापर्यंत जायचा आणि काठी परत कोपऱ्यात ठेवायचा. गोजाबाई ते बघायची आणि चुलीकडं तोंड फिरवायची.

त्याच्याजवळ लोकर कातरायची कातर मात्र राहिली होती. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर त्यानं मनाशी पक्कं केलं. सोलापूरच्या पुढं, अक्कलकोटच्या आसपास ज्यांची मेंढरं टिकली होती त्यांच्याकडं कातरायला जायचं, रोख मजुरी घ्यायची, आणि सांगोल्याच्या बाजारात पुन्हा मेंढरं घ्यायची. दहा माद्या आणि एक मेंढा. त्याहून कमी असली तर त्याला कळप म्हणायचं नाही, असं त्याचं म्हणणं.

आता एवढा पैसा ठेवायचा कुठं? परक्या गावात उघड्यावर झोपायचं, एसटीत चेंगरायचं. मुंडाशात ठेवला तर झोपेत मुंडासं सुटणार. बंडीच्या खिशात ठेवला तर सोलापूरच्या स्टँडवर खिसाच कापला जाणार.

"आवं, चोर खिशात हात घालतुया, देवात घालत न्हाय," गोजाबाई म्हणाली.

तिनं माझ्या तळाशी मांजरपाटाचा एक चोरकप्पा शिवला. खाली नोटा, वर भंडारा. बाहेरून बघणाऱ्याला मी नुसती देवाची पिशवी.

"भंडारा चिमटीनंच द्यायचा, मूठ घालायची न्हाय," तिनं बजावलं. "नोटा ठिवल्या की कप्प्याच्या तोंडाला लगीच चार टाकं घालायचं. सुई मुंडाशात खोचून ठिवा."

"व्हय की."

"नुसतं व्हय की म्हनू नगा. ध्यानात ऱ्हाऊ द्या!"

तात्याबानं मान डोलावली. हा माणूस मान फार छान डोलावतो.

पहिले दोन महिने चिंचोळीकडच्या वाड्यावस्त्यांवर गेले. मेंढराचे पाय बांधायचे, आडवं पाडायचं आणि कातर चालवायची. तात्याबाचा हात असा हलका, की मेंढराला ओरखडा नाही. मजुरी मिळाली की तो एका बाजूला जाऊन माझा कप्पा उसवायचा, नोटा ठेवायचा आणि पुन्हा टाके घालायचा. रुपयांत तो बोलतच नसे. "आज दोन पाय झालं," असं मला पुटपुटायचा. दोन दिवसांनी म्हणायचा, "शेपटासकट आक्खं मेंढरू झालं बग." किती पैसे होते ते मीही सांगणार नाही. पैसा सांभाळणाऱ्यानं आकडा तोंडावर आणू नये, एवढी अक्कल लोकरीलाही असते.

मग आम्ही अक्कलकोटकडं निघालो. सोलापूरच्या स्टँडवर ही गर्दी! गाडी लागली तशी माणसं खिडकीतून धोतरं, टॉवेल टाकून जागा धरू लागली. तात्याबा दारात चेंगरला, आणि तेवढ्यात माझ्या तोंडातून एक हात आत आला. लांब बोटं, सफाईदार. बोटं भंडाऱ्यात रुतली आणि कप्प्याच्या शिवणीवर येऊन थांबली. मी श्वास रोखून धरला.

तात्याबानं मागं वळून पाहिलं. तो माणूस गांगरला. हात बाहेर काढला तर पाचही बोटं पिवळीधमक.

"मामा, जरा... भंडारा घेत होतो," तो म्हणाला.

आमचा भोळा सांब लगेच खूश! "घ्या की दादा. त्यात चोरायचं काय हाय?" असं म्हणून त्यानं स्वतःच्या चिमटीनं त्याच्या कपाळाला मळवट भरला. अक्कलकोटच्या रस्त्यानं जाताना मी हसून हसून बेजार झाले. शेजारी कुणाच्या तरी मांडीवर सुती टॉवेलांचा गठ्ठा होता. त्याला मी म्हटलं, बघ, लोकरीचं काम असं असतं. चोरांपासून आता आपल्याला भीती नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. चोर सोडून दुसऱ्या कुणाची भीती धरावी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिकडं तीन आठवडे वस्त्या फिरून शेवटी आम्ही अक्कलकोटच्या पुढं एका गावात पोचलो. तिथं चन्नप्पा नावाचा मेंढपाळ होता. मोठा कळप, मोठं मन, बोलणं अर्धं कानडी आणि अर्धं मराठी. त्याच्याकडं तात्याबानं आठ दिवस कातरलं. शेवटच्या दिवशी चन्नप्पानं मजुरी दिली आणि तात्याबा मला पुटपुटला, झाली! दहा माद्या आणि एक मेंढा माझ्या पोटात पुरे झाले.

तो कप्प्याला टाके घालणार, इतक्यात चन्नप्पा लंगडत आला.

"पाव्हणं, सुई हाय का? काटा लई खोल गेलाय."

तात्याबानं मुंडाशातली दोरा ओवलेली सुई काढून दिली. चन्नप्पा दगडावर बसून काटा काढू लागला. तेवढ्यात माळावरच्या देवळाकडून ढोल वाजला. कातरणी संपली की त्या गावात बीरप्पाला पहिली लोकर वाहतात. आपला बिरोबा तोच तिकडचा बीरप्पा. आणि कातरायला आलेल्या पाहुण्यानं पहिला भंडारा उधळायचा, हा तिथला मान.

काटा निघाला तसा "बर्री, बर्री! चला!" म्हणत चन्नप्पा उठला, सुई स्वतःच्या पागोट्यात खोचली आणि तात्याबाला ओढतच घेऊन गेला. कप्पा उघडाच राहिला. मी किती ओरडले! एवढं मोठं तोंड आहे मला, पण ऐन वेळी त्याचा काही उपयोग नाही.

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. ढोल घुमत होते. दुष्काळानंतर तात्याबानं असा ढोल ऐकला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. पहिली चिमूट गेली, दुसरी गेली, आणि मग चिमटीनं त्याचं भागेना. त्यानं डोळे मिटले, माझ्यात सबंध मूठ घातली आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून आभाळाकडं फेकली. भंडारा आधीच सरत आला होता. दुसरी मूठ थेट तळाशी गेली, तिसरीही गेली.

माझं पोट हलकं होत गेलं. गोजाबाईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला.

पिवळ्या धुरळ्यातून नोटा खाली येऊ लागल्या. कुणाच्या पागोट्यावर, कुणाच्या पदरात, एक ढोलाच्या दोरीत अडकली. लोकांना वाटलं, पाहुण्याचा नवसच असणार. त्यांनी नोटा भक्तिभावानं वेचल्या आणि देवाच्या दगडापुढं नेऊन ठेवल्या.

तात्याबानं डोळे उघडले. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्यानं माझ्यात हात घातला. बोटं कप्प्यात फिरली, चारही कोपरे चाचपले, आणि तो मटकन खाली बसला.

"यप्पा! एवढं रोक्क, एवढा पैसा देवाला?" चन्नप्पा थक्क झाला.

एकदा तात्याबानं नोटांकडं पाहिलं, एकदा देवाकडं. मग हात जोडून म्हणाला, "व्हय. त्याचंच हाय."

मला त्याचा असा राग आला! अरे, बोल की खरं! पण हा माणूस चोराच्या कपाळाला भंडारा लावणारा. देवावर उधळलेलं परत मागायला त्याची जीभ उचलणार नव्हती.

चन्नप्पा त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. मग घाम पुसायला त्यानं पागोटं काढलं आणि सुई त्याच्या बोटाला टोचली. सुईत दोरा तसाच होता. त्यानं सुईकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि त्याला उलगडलं. हात वर करून त्यानं ढोल थांबवले.

"हे दिलेलं न्हाय, सांडलेलं हाय!" तो ओरडला. "सुई माझ्यापाशी ऱ्हायली. चूक माझी हाय. पाव्हणं, उचला तुमचं रोक्क."

"न्हाय अण्णा," तात्याबा म्हणाला. "देवावर गेलं ते गेलं. परत घेतलं तर त्यो काय म्हनंल?" आणि मग न राहवून म्हणाला, "दहा मेंढरं हुती ती. दहा आन एक मेंढा. बहात्तरात समदी इकली मी. गोजा तिकडं वाट बगत आसंल."

तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं दुष्काळात काही ना काही विकलं होतं.

देवळाची झाडलोट करणारी चंद्रव्वा नावाची एक म्हातारी होती. ती वाकली, जमिनीवरचा भंडारा तिनं बोटावर घेतला आणि तात्याबाच्या कपाळाला लावला.

"तम्मा, भावा, हे तूच उधळलेलं न्हवं? मग कपाळाला का लावून घेतलंस?"

"ह्यो परसाद हाय अव्वा."

"हां. वर जाताना देवाचा, खाली येताना परसाद. मग त्यातलं पिवळं तेवढं परसाद आन कागद न्हाय, असं कुणी सांगितलं तुला? पिशवी धर."

तात्याबा तसाच बसून राहिला. तेव्हा म्हातारीनंच माझं तोंड फाकवलं, देवापुढची एक नोट उचलली, दगडाला टेकवली आणि माझ्यात टाकली. वर चिमूटभर भंडारा घातला. मग चन्नप्पा आला. मग ढोलवाला आला आणि त्यानं दोरीत अडकलेली नोट सोडवून दिली. बायका आल्या, कातरकरी आले. प्रत्येकानं एक नोट आणि एक चिमूट टाकली. एकानं तर बाभळीवर चढून काट्यात अडकलेली नोट आणली आणि पाठ खरचटून घेतली. कुणी ना मोजलं ना विचारलं. तात्याबा मान खाली घालून रडत होता आणि मी भरत चालले होते. जड होण्यात एवढं सुख असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी एक पाचाची नोट देवाच्या दगडालाच, ओल्या भंडाऱ्यात चिकटलेली दिसली.

"तेवढी ऱ्हाऊ द्या," तात्याबा म्हणाला. "ती मी देतो."

चन्नप्पानं मग स्वतः माझा कप्पा शिवला. काय ते टाके! एक इकडं, एक तिकडं, गाठ अंगठ्याएवढी. पण पक्के होते, हे कबूल केलं पाहिजे. घरापर्यंत तात्याबाचा हात माझ्यावरून हलला नाही. सोलापूरच्या स्टँडवर त्यानं मला पोटाशी धरलं आणि गाडीतही तसाच बसला.

गोजाबाईनं मला हातात घेतलं, पालथं केलं आणि लगेच विचारलं, "ही शिवण माजी न्हाय. तुमचीबी न्हाय. कुनाचा हात लागलाय?"

तात्याबानं सगळं सांगितलं. मूठ घातल्याचं सांगताना त्याचा आवाज अगदी बारीक झाला. मला वाटलं, आता हिची जीभ सुटणार. पण ती ऐकतच राहिली. शेवटी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं झालं सुई दिलीसा. न्हाय म्हनाला आसता तर त्येंचा काटा कसा निघाला आसता?" आणि मग दोघंही हसायला लागली, थांबेचनात.

रविवारी सांगोल्याच्या बाजारात माझा कप्पा उसवला. मेंढरं विकणाऱ्यानं नोटांचा तो पिवळा रंग पाहिला, जरा संशयानं वास घेतला, आणि वास ओळखीचा निघाला तसं पुडकं कपाळाला लावून खिशात टाकलं. दहा माद्या झाल्या. मेंढ्याला थोडे कमी पडत होते, देवापाशी ठेवलेले ते पाच रुपये. विकणाऱ्यानं हातानं इशारा केला, जा घेऊन.

आता मी खुंटीवर असते. वरचे टाके उसवावे लागले, पण चन्नप्पाची ती अंगठ्याएवढी गाठ गोजाबाईनं कापली नाही, कापूही देत नाही. कळप वाढतोय. परवा पहिली दोन कोकरं झाली. तात्याबानं मला खुंटीवरून काढलं आणि सवयीनं दोन बोटांची चिमूट आत घातली.

"आवं, आता जपायला काय ऱ्हायलंय त्यात? मूठ घाला की!" गोजाबाई म्हणाली.

त्यानं मनगटापर्यंत हात घातला. तळ लागला, रिकामा कप्पा लागला, आणि त्याची मूठ भरून वर आली. कोकरांच्या ओल्या पाठी पिवळ्या झाल्या.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही कपाळाला थोडा लावून घ्या. घाबरू नका, आता खाली नुसता भंडाराच आहे.