फेस पुसल्यावर बोलायचं

मी बोलतेय, एका सलूनमधली खुर्ची. चार पायांवर कुठेही सरकवता येते तसली नव्हे. मला एकच पाय आहे, ओतीव लोखंडाचा, आणि तो फरशीला बोल्टने जखडायचा असतो. दांडा मारला की मी वर जाते, सोडला की खाली येते. एवढाच माझा प्रवास.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात पडलं, थंड झालं, आणि कोणीतरी मला कानशीने घासून गुळगुळीत केलं. मग अंगावर पांढरा मुलामा, लाल कातडं आणि मान टेकायला उशी. सुरुवातीची वर्षं मी एका मोठ्या हॉटेलच्या सलूनमध्ये काढली. तिथे माणसं हळू आवाजात बोलत आणि डोळे मिटून बसत. पुढे हॉटेलवाल्याला माझा रंग जुनाट वाटू लागला आणि मी विकली गेले.

ज्याने मला घेतलं तो माझा आजवरचा मालक. तेव्हा तो तरुण होता, नवंच दुकान टाकलं होतं. त्याची बायको तेव्हा होती. मला दुकानात आणलं त्या दिवशी तिने ओल्या फडक्याने पुसता पुसता म्हटलं, "आपल्या सगळ्या संसारापेक्षा ही जड आहे." मालक हसला आणि मला दांडा मारून वर उचललं, जणू मी किती हलकी आहे ते तिला दाखवायचं होतं.

माणसाची ओळख मला पाठीकडून होते. कोण घाईत आहे, कोण घरी भांडून आलाय, कोणाला आज कोणीतरी बघायला येणार आहे, हे बसण्यावरून कळतं. पण या सगळ्या पाठींमध्ये एक पाठ मी डोळे झाकून ओळखली असती. ती घड्याळजीची.

घड्याळजीचं दुकान अगदी समोर. दुकान कसलं, काचेची एक पेटी आणि तिच्यामागे तो. संध्याकाळी पेटीवर कापड टाकायचा, रस्ता ओलांडायचा आणि येऊन माझ्यावर बसायचा. रोज दाढी करण्याइतकी त्याची दाढी वाढत नसे. तो यायचा साहेबांवर वाद घालायला.

साहेब म्हणजे कोण, ते सांगायला हवं. सिनेमातला तो मोठा नट. त्याचा फोटो माझ्या समोरच्या आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला आहे. मालकाने त्याचा प्रत्येक सिनेमा पाहिलाय, काही तर इतक्यांदा की पडद्यावरच्या माणसाआधी हाच बोलायचा. घड्याळजीनेही प्रत्येक सिनेमा पाहिलाय. तो पाहायचा चुका काढायला.

त्यांचा एक नियम होता. तोंडाला फेस आहे तोवर मालकाने बोलायचं. वस्तरा गळ्यावर असताना घड्याळजी तोंड उघडूच शकत नसे, त्यामुळे मालकाचं राज्य. फेस पुसला की घड्याळजीची पाळी, आणि मग मालकाने एक शब्द बोलायचा नाही, दुकान झाडत ऐकायचं.

"आंधळ्या पोस्टमनचा सिनेमा आठव," मालक गालावर वस्तरा फिरवत म्हणायचा. "पत्र हातात आल्यावर साहेब नुसता अंगठा फिरवतात त्याच्यावर. शाई चाचपडतात. हनुवटी बघ कशी धरलीय. अरे, मी आयुष्यभर हनुवट्या धरतोय, खोटी हनुवटी मला कळत नाही?"

फेस पुसला की घड्याळजी आधी आरशात स्वतःकडे बघायचा, मग सावकाश सुरू व्हायचा. "तुझे साहेब म्हणजे टेबलफॅन. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सगळ्यांना सारखी हवा. आणि रडणं? अलार्म लावल्यासारखं. आता वाजणार म्हणून आपण घड्याळाकडे बघावं आणि वाजावं."

"तुला एकही काम आवडलं नाही?"

"पहिल्या सिनेमात कारकून होते ना, दार उघडतात आणि बाजूला होतात. तेवढंच. पुढे मोठे झाले आणि संपले."

"दार उघडण्यात कसला अभिनय आलाय?"

"तू झाड. माझी पाळी आहे."

वर्षानुवर्षं हे चाललं आणि काहीही ठरलं नाही. ठरू नये याची दोघेही काळजी घेत, असं मला वाटतं. मालकाची बायको गेली तेव्हा तेरावा दिवस उलटल्यावर घड्याळजी आला, बसला आणि म्हणाला, "कारागीर, तुझे साहेब त्या वकिलाच्या सिनेमात फार ओरडलेत." मालकाने ब्रश उचलला. बायको गेल्यापासून त्या दिवशी तो प्रथम बोलला.

एक संध्याकाळ मात्र वेगळी होती. मालकाने विचारलं होतं, "साहेबांचं रडणंच का रे तुझ्या डोळ्यात सलतं?" घड्याळजीने हाताने वस्तरा थांबवला. नियम मोडला. फेस तसाच तोंडावर असताना तो बोलला.

त्याचा लहान मुलगा तापाने गेला होता. त्यानंतर काही महिन्यांनी साहेबांचा एक सिनेमा आला, त्यात त्यांचं पोर जातं. दवाखान्याच्या दारात ते गुडघ्यांवर कोसळतात आणि हंबरडा फोडतात. सगळं थिएटर रडलं. शेजारी बसलेली बायको रडली. घड्याळजी कोरडा बसून राहिला.

"मी काय केलं होतं माहीत आहे, माझ्या पोराच्या वेळी?" तो म्हणाला. "दवाखान्याच्या दारात उभा राहिलो आणि मनगटावरच्या घड्याळाला चावी दिली. रोजची वेळ झाली होती म्हणून. साहेबांनी असलं काही केलं असतं ना, तर मी त्यांचे पाय धरले असते."

फेस सुकला होता, मालकाने तो पुन्हा लावला. ते बोलणं माझ्या कातड्यात मुरलं, आणि पुन्हा त्या दुकानात कोणी त्याचा उल्लेख केला नाही.

मग मालकाची लेक परत आली. ती खूप लांब शिकायला गेली होती. येताना डोळ्यांत एक चमक घेऊन आली, सगळं जग आपल्या गल्लीत आणून ठेवीन अशी. कोपऱ्यातल्या बाकावर बसून तिने आठवडाभर दोघांचा वाद ऐकला. मांडी घालून, गालावर हात ठेवून, एखादं गाणं ऐकावं तसा.

"बाबा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?" ती म्हणाली. "तिकडे लोक यासाठी पदव्या घेतात. खरी समीक्षा आहे ही. आणि इथे ती रोज केसांबरोबर झाडून टाकली जाते."

"झाडायला नको तर काय करू? गिऱ्हाईक पाय घसरून पडेल."

"काका, तुम्ही तरी सांगा. हे लोकांनी ऐकायला नको?"

घड्याळजी म्हणाला, "लोकांना घड्याळं दुरुस्त करून नको असतात, बेटा. बोलणं कशाला हवंय?"

पण त्याच्या आवाजात थोडं सुख होतं. ते तिलाही कळलं.

गावातलं थिएटर तेव्हा बंद पडायच्या वाटेवर होतं. लेकीने तिथल्या मॅनेजरला गाठलं, रविवारची दुपार मागून घेतली. आधी साहेबांच्या सिनेमांतले निवडक प्रसंग, मग वाद, शेवटी लोकांनी हात वर करून कौल द्यायचा. कॉलेजची मुलं जमवली, साहेबांच्या चाहत्यांचं मंडळ जमवलं. आणि तिच्या डोक्यात आलं की वाद जसा होतो तसाच व्हायला हवा, फेसासकट, वस्तऱ्यासकट.

म्हणून माझे बोल्ट खोलले गेले. या दुकानात आल्यापासून पहिल्यांदा मी रस्त्यावरून गेले, हातगाडीवर आडवी. मला स्टेजवर उभं केलं. समोर आरसा नव्हता, नुसती माणसं होती.

प्रसंग दाखवून झाले. घड्याळजी येऊन बसला. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. मालकाने त्याच्या तोंडाला फेस लावला आणि लोक तेवढ्यानेच हसले. मालक बोलू लागला. काय सांगू, त्या दिवशी तो फार सुंदर बोलला. अंगठ्याने शाई चाचपडणं त्याने वस्तरा हवेत धरून दाखवलं. टाळ्या पडल्या. आजवर त्याच्या बोलण्याला माझ्याखेरीज आणि घड्याळजीखेरीज कोणी नव्हतं. टाळी म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्याला आणखी हवी झाली.

"आता हे बघा," तो लोकांना म्हणाला, आणि वस्तरा घड्याळजीच्या गळ्यावर टेकवला. "हा माणूस म्हणतो साहेबांचं रडणं खोटं. अहो, याचं स्वतःचं पोर गेलं तेव्हा हा दवाखान्याच्या दारात घड्याळाला चावी देत होता. याला रडणं काय कळणार?"

आधी हशा पिकला, लोकांना तो विनोदच वाटला. मग टाळ्या. चाहत्यांच्या मंडळातल्या एकाने शिट्टी मारली.

माणसाला राग आला की तो माझे हात घट्ट धरतो. मी वाट पाहिली. घड्याळजीचे हात उलट सैल पडले, झोपलेल्या माणसाचे असतात तसे. तो हलला नाही. हलताच येत नव्हतं, वस्तरा कंठाशी होता. मालकाचा हात तिथेच थांबला. त्याच्या पोटाचा स्पर्श माझ्या पाठीला होत होता, आणि ते पोट श्वास घ्यायचं विसरलं होतं.

दाढी कशीतरी पुरी झाली. मालकाने फेस पुसला. इतक्या हळू त्याने कधी पुसला नव्हता.

"काका, आता तुमची पाळी," लेक आनंदाने म्हणाली. तिला त्या पोराबद्दल काहीच माहीत नव्हतं.

घड्याळजी उठला. कॉलर नीट केली. लोकांकडे बघून म्हणाला, "कारागिराचं बरोबर आहे. साहेब मोठे नट आहेत. मला काही बोलायचं नाही."

हात वर झाले. सगळेच. घड्याळजीनेही वर केला.

मला परत आणून जुन्या जागी ठेवलं, पण बोल्ट कोणी आवळले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकाने वाटीत फेस काढला. समोरच्या पेटीवर कापड पडलं. घड्याळजी रस्त्याच्या त्याच कडेने घरी गेला. फेस वाटीत बसून गेला.

काय झालं ते लेकीला बापाने सांगितलं तेव्हा ती तशीच समोर धावली. मला आरशातून दिसलं. ती हात जोडून बोलत होती, घड्याळजीने तिच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं, त्याचा पट्टा सैल झाला होता तो नीट केला, परत बांधला. ती रडत आली.

"काय म्हणाले?" मालकाने विचारलं.

"म्हणाले, तू छान कार्यक्रम केलास, बेटा."

त्यानंतर काही महिन्यांनी ती पुन्हा दूर निघून गेली. आता ती फोन करते आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी विचारते.

मधे साहेबांचा नवा सिनेमा आला. मालक पहिल्या दिवशी जाऊन आला आणि दुकानाचं शटर अर्धं ठेवून माझ्यावरच बसला. बराच वेळ बसला. मग उठला, वस्तरा, ब्रश, वाटी एका टॉवेलात गुंडाळली आणि रस्ता ओलांडून गेला. आरशात मला त्याची पाठ दिसत होती, वाकलेली. घड्याळजी पेटीमागून उठून उभा राहिला. त्याने मालकाला बसायला स्टूल दिलं. सगळं कसं नीट चाललं होतं. मला वाटलं, झालं. मग मालक टॉवेल तसाच काखेत घेऊन परत आला.

रात्री लेकीचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं.

"मी त्याला म्हटलं, साहेबांनी फार वाईट काम केलंय रे. खरंच केलंय. तू म्हणत होतास तसंच, सगळं ठरलेलं. चल, बस, शिव्या घाल त्यांना, मी ऐकतो. तर म्हणाला, नाही रे, चांगलंच असणार. मी पाहिलं नाही, पण साहेब मोठे नट आहेत, त्याच्यावर आपलं एकमत झालंय ना? आता काय बोलायचं राहिलंय?"

पलीकडे लेक काही बोलली असावी.

"चिडला नव्हता," मालक म्हणाला. "चिडला असता तर मी पाय धरले असते. चहा मागवला त्याने माझ्यासाठी."

आता माझं कातडं फाटलंय. तेल गळतं. दांडा मारून वर घेतलं तरी मी माणसासकट हळूहळू खाली येते, आणि बोल्ट आवळलेले नसल्याने कोणी जोरात बसलं की डगमगते. घड्याळजीने दाढी राखली आहे. पांढरी, नीट कातरलेली. कोण कातरतं, माहीत नाही. बहुतेक स्वतःच.

चाहत्यांच्या मंडळातली पोरं अधूनमधून येतात. त्यांना मालक म्हणजे साहेबांचा वकील. एकजण परवा माझ्यावर बसून म्हणाला, "काका, ते चावीवालं एकदा म्हणा ना. काय गार केलं होतं त्या म्हाताऱ्याला." मालकाने ब्रश भरून त्याच्या ओठांपर्यंत फेस फासला आणि मुकाट्याने दाढी केली. पोराला वाटलं, ऐकू आलं नाही.

तुम्ही कधी या रस्त्याने आलात तर आत या. संध्याकाळच्या वेळी या. माझ्यावर बसा आणि साहेबांबद्दल हवं ते बोला, वाईट बोललात तर जास्त बरं. म्हणा की त्यांना पोस्टमन जमलाच नाही. म्हणा की ती हनुवटी खोटी होती. माझी एवढीच विनंती आहे.

पण तुम्हाला खोटी आशा लावत नाही. कालच एक अनोळखी गिऱ्हाईक आलं होतं. फेस पुसून झाल्यावर त्याने आरशातल्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणालं, हा कसला नट, नुसता देखणा चेहरा. मी उरलंसुरलं लोखंड एकवटून वाट पाहत राहिले.

"असेलही," मालक म्हणाला, आणि केर काढू लागला.