सोललेलं आतडं

सासरे प्रयोगशाळेचे प्रमुख आणि सून त्यांच्याच हाताखाली संशोधक. यात कुणाचं भलं झालं असेल तर शेजाऱ्यांचं. त्यांना बोलायला विषय मिळाला.

सासऱ्यांचा सगळा दबदबा एकाच सिद्धान्तावर होता: आतड्याच्या अस्तरात जी बारीक वीज खेळते, तिचा आतड्याच्या हालचालीशी काडीचाही संबंध नाही. हे त्यांनी शेकडो तुकड्यांवर दाखवून दिलं होतं. फक्त मोजण्याआधी ते चिमट्याने तुकड्याचा स्नायूचा थर सोलून टाकत. काम कसं स्वच्छ हवं! थराला चिकटलेलं नसांचं जाळंही मग कचऱ्यात जाई. म्हणजे आधी टेलिफोनची तार कापायची आणि मग छातीठोकपणे सांगायचं, की या दोन घरांत बोलणंच नाही.

सुनेने एक तुकडा न सोलताच खाऱ्या पाण्यात ताणून बसवला. पडद्यावर दोन रेषा उमटल्या, वरची हालचालीची, खालची विजेची. आतडं आकसलं की मागोमाग वीज उसळायची. दर वेळी.

"अगं, तुकडा हलतोय म्हणून मोजणारी तार हलतेय, आणि तुला वीज उसळल्यासारखी दिसतेय," सासरे म्हणाले. "लग्नाआधी तुझं काम नीटनेटकं होतं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा अख्खा प्रबंध याच रेषांवर होता. त्या खोट्या ठरल्या तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

"बाबा, मी नसा बधिर करणारं औषध टाकते. स्नायू नसांशिवायही हलतच राहील. तुमचं खरं असेल, तर वीजही उसळत राहील."

"टाक की. हौस भागव."

तिने थेंब थेंब औषध टाकलं. वरची रेषा आपली हलत राहिली. खालची मात्र हळूहळू आडवी झाली. निरोप नेणाऱ्या नसाच गप्प बसल्यावर अस्तराला कळणार कसं?

सासरे खुर्चीत बसले. चष्मा पुसून सुनेच्या रेषा पुन्हा पाहू लागले. शोधापेक्षा हीच घटना दुर्मीळ होती. सुनेला खरं तर आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. तिला त्यांची फार दया आली.

"राहू दे, बाबा. लेखात तुमच्या जुन्या कामाचा उल्लेख मी गाळते."

"खबरदार!" सासरे कडाडले. मग आवाज खाली आला. "माझं नाव घाल. वर लेखकांत नको, चूक कुणाची ते लिहिशील तिथे घाल. सोलायला मीच शिकवलंय गं सगळ्यांना. अजून सोलत बसले असतील."